सर्व्हर खरा, मजकूर खोटा

१८ जून २०२४ रोजी दुपारी देशातल्या ४१ विमानतळांच्या कार्यालयांत एकसारखा मेल येऊन पडला. विमानतळावर स्फोटकं लपवली आहेत, ती लवकरच फुटतील, असा त्याचा आशय होता. बडोद्याचा विमानतळ त्या यादीत होता. हा विमानतळ हरणीत आहे, शहराच्या ईशान्येला. अशी धमकी आली की विमानतळावर ‘बॉम्ब थ्रेट असेसमेंट कमिटी’ बसते, धमकी नेमकी आहे की मोघम हे ठरवते आणि त्याप्रमाणे शोध सुरू होतो. तसा तो झाला. काही सापडलं नाही. देशभरातल्या सगळ्या विमानतळांवर निकाल हाच: अफवा.

त्यानंतरच्या वर्षभरात बडोद्यातल्या शाळांनाही असे मेल येऊ लागले. मुलांना वर्गातून बाहेर काढायचं, पालकांनी धावत यायचं, पोलिसांनी कुत्री घेऊन वर्ग न् वर्ग पालथा घालायचा. दर वेळी लोकांच्या मनात एक साधा प्रश्न येतो. लॉटरी लागल्याचे, स्वस्त औषधांचे, परदेशी खात्यातल्या कोट्यवधी डॉलरचे मेल आपल्या डोळ्यांपर्यंत पोचायच्या आधीच स्पॅममध्ये जातात. मग हा मेल कसा आत आला? गूगल, मायक्रोसॉफ्ट, सरकारचे संगणक, एवढी यंत्रणा असताना कुणाला तो अडवता का आला नाही?

बातम्यांमध्ये विमानतळांच्या मेलचा जो पत्ता आला, तो जीमेलचा होता. उत्तर तिथेच आहे. नको असलेलं टपाल गाळणारी यंत्रणा बऱ्याच अंशी एका प्रश्नावर उभी आहे: ज्या संगणकाकडून हा मेल आला, त्याला या नावाने मेल पाठवायचा अधिकार आहे का? जीमेलच्या खात्यातून निघालेला मेल जीमेलच्याच सर्व्हरवरून येतो, म्हणून उत्तर येतं, ‘हो, आहे.’ आणि ते उत्तर खरंच असतं. मजकूर खोटा, लिहिणाऱ्याचं नाव खोटं, पण सर्व्हर अस्सल. ही तपासणी काय ओळखते आणि काय ओळखू शकत नाही, हे सामान्य माणसाला नीट माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. कारण ‘मेल खऱ्या पत्त्यावरून आला’ या एका वाक्यावर विश्वास ठेवून माणसं पैसे पाठवतात आणि घाबरतातही.

दोन सर्व्हर एकमेकांशी काय बोलतात ते आधी जवळून पाहू. पाठवणारा सर्व्हर घेणाऱ्याच्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर येतो आणि म्हणतो, ‘हेलो, मी अमुक.’ घेणारा उत्तरादाखल २५० हा आकडा देतो. मेलच्या व्यवहारात २५० म्हणजे ‘ठीक आहे, पुढे बोला’. मग पहिला म्हणतो ‘मेल फ्रॉम’, आणि प्रेषकाचा पत्ता सांगतो. पुन्हा २५०. मग ‘आरसीपीटी टू’, म्हणजे कुणाला द्यायचा ते. पुन्हा २५०. मग ‘डेटा’ ही आज्ञा, आणि तिच्यामागून अख्खं पत्र: त्यातच ‘फ्रॉम’, ‘टू’, ‘सब्जेक्ट’, तारीख आणि मजकूर. शेवटी एका ओळीत नुसतं एक टिंब. झालं, मेल पोचला.

इथे प्रेषकाचा पत्ता दोनदा आला हे लक्षात घ्या. एकदा सर्व्हरांच्या बोलण्यात, म्हणजे पाकिटावर. आणि एकदा पत्राच्या आत. आपल्या पडद्यावर दिसतो तो आतला. हे दोन्ही पत्ते एकच असले पाहिजेत असा नियम मूळ पद्धतीत नाही, आणि दोन्ही ठिकाणी पाठवणारा जे लिहील ते लिहिलं जातं. पंतप्रधानांचा पत्ता लिहिला तरी पुढून २५०च येणार.

ही पद्धत, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढली. तेव्हाच्या जाळ्यात सारे मिळून दोन-सव्वादोनशे संगणक होते, बहुतेक विद्यापीठांचे आणि संशोधनसंस्थांचे. एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांसाठी केलेली ती व्यवस्था होती. तरी पहिली ठिणगी त्याआधीच पडली होती. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेट या तेव्हाच्या जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना एकगठ्ठा पाठवली. पहिला स्पॅम म्हणून आज तोच सांगितला जातो. तेव्हा तक्रारी झाल्या, समज दिली गेली, विषय मिटला. समज देऊन विषय मिटण्याइतकं ते जग लहान होतं.

सर्व्हरांच्या या संभाषणात खोटी सांगता येत नाही अशी एकच गोष्ट आहे: समोरच्या संगणकाचा आयपी क्रमांक. हेलोमध्ये नाव खोटं सांगता येतं, पत्ते खोटे लिहिता येतात. पण प्रत्येक २५० ज्या क्रमांकावर परत जातो तो खोटा असेल तर बोलणं पुढे सरकणारच नाही. म्हणून स्पॅमविरुद्धची पहिली मोर्चेबांधणी या क्रमांकाभोवती झाली. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी स्पॅम पाठवणाऱ्या क्रमांकांची काळी यादी सुरू केली. त्यांच्या संस्थेचं नाव मॅप्स, म्हणजे ‘स्पॅम’ हा शब्द उलटा. पुढच्याच वर्षी स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्पॅमहॉस सुरू केली, आणि तिच्या याद्या आजही जगभरचे सर्व्हर विचारात घेतात. विचारण्याची रीत सुटसुटीत आहे. समजा मेल २०३.०.११३.२५ या क्रमांकावरून आला. घेणारा सर्व्हर तो उलटा करून, म्हणजे २५.११३.०.२०३ असा, त्यामागे यादीचं नाव जोडून डीएनएसला, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या जाहीर नोंदवहीला, विचारतो. उत्तर आलं तर क्रमांक यादीत आहे, दार बंद. उत्तर आलं नाही तर पुढची तपासणी.

दुसरी तपासणी उलट्या नावाची. क्रमांकावरून नाव काढायचं, आणि त्या नावावरून पुन्हा क्रमांक. दोन्ही जुळले तर निदान हा संगणक कुणीतरी जबाबदारीने उभा केलेला आहे एवढं कळतं. घरगुती ब्रॉडबँडच्या जोडणीला बहुधा असं धड नाव नसतं. असलंच तर त्यात नुसते आकडे असतात. एखाद्या घरातल्या संगणकात व्हायरस शिरला आणि तो मालकाच्या नकळत हजारो मेल ओकू लागला, तर तो इथेच पकडला जातो. याच कारणाने पुष्कळ इंटरनेट कंपन्या घरगुती जोडणीवरून २५ क्रमांकाचं पोर्ट बंदच ठेवतात.

२००३ मध्ये इव्हान हॅरिस यांनी सुचवलेली एक युक्ती मला या सगळ्यांत फार आवडते. अनोळखी सर्व्हर आला की त्याला ‘आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने ये’ असं सांगायचं. तात्पुरता नकार आला तर काही वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा, हे एसएमटीपीच्या नियमांतच आहे, त्यामुळे खरा सर्व्हर निमूटपणे परत येतो. स्पॅम ओतणाऱ्या घिसाडघाईच्या प्रोग्रॅमला तेवढी सवड नसते, तो पुढच्या बळीकडे वळतो. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. स्पॅमवाले परत यायला शिकले तशी तिची धार कमी झाली. शिवाय दोन मिनिटांत हवा असलेला ओटीपीचा मेल पाऊण तासाने आला तर ग्राहक वैतागणारच. याच काळातली आणखी एक पद्धत म्हणजे प्रेषकाच्या सर्व्हरला उलटी हाक मारून ‘हा पत्ता तुमच्याकडे आहे का’ असं विचारणं. कागदावर ती चांगली दिसते. पण स्पॅमवाल्याने भलत्याच माणसाचा पत्ता वापरला असेल, तर त्या निरपराध माणसाच्या सर्व्हरवर जगभरातून चौकश्यांचा मारा होतो. ही पद्धत मागे पडली हे बरं झालं.

क्रमांकांच्या याद्या किती लांबवल्या तरी मूळ प्रश्न शिल्लकच होता: या क्रमांकाला या नावाने बोलायचा अधिकार कुणी दिला? त्याचं उत्तर पाठवणाऱ्याकडून घेण्यात अर्थ नाही, ते नावाच्या मालकाकडूनच मिळायला हवं, तेही वेगळ्या वाटेने. बडोद्याच्या सराफी पेढ्यांना हे तत्त्व पुरेपूर ठाऊक होतं. हुंडी घेऊन माणूस दारात आला म्हणून पेढी लगेच रक्कम मोजत नसे. हुंडी काढणारी पेढी समोरच्या पेढीला स्वतंत्र पत्राने कळवत असे की अमक्या रकमेची अमकी हुंडी काढली आहे, आणि हातातली हुंडी त्या पत्राशी ताडून पाहिली जाई. मेलच्या जगात त्या स्वतंत्र पत्राचं काम डीएनएस करतं. डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या ‘@’नंतरच्या नावाच्या, मालकाखेरीज तिथे कुणाला नोंद करता येत नाही, आणि वाचता मात्र सर्वांना येते.

मेंग वेंग वाँग यांनी २००३ मध्ये याच विचारावर एसपीएफ मांडलं. डोमेनच्या मालकाने डीएनएसमध्ये एक ओळ ठेवायची: ‘व्ही=एसपीएफ१ आयपी४:२०३.०.११३.२५ -ऑल’. अर्थ असा, की माझ्या नावाने मेल फक्त या क्रमांकावरून येतील, बाकी सगळे नाकारा. शेवटच्या ‘ऑल’आधीच्या चिन्हाला फार महत्त्व आहे. तिथे वजा असेल तर ‘नाकारा’. त्याऐवजी नागमोडी चिन्ह असेल तर ‘संशय घ्या, पण आत येऊ द्या’. सेटिंग करणारा घाईत नागमोडी चिन्ह टाकतो, आणि वर्षानुवर्षं ते तसंच राहतं. एसपीएफच्या नियमांना २००६ मध्ये क्रमांक मिळाला आणि २०१४ मध्ये सुधारित रूप. त्याआधी मायक्रोसॉफ्टच्या जोडप्रस्तावावरून पेटंटचा वाद पेटला आणि २००४ मध्ये मानक ठरवणारा गटच बरखास्त झाला. जगाला गरज असलेलं काम अशा भांडणात अडकलं हे वाचून आजही वाईट वाटतं.

एसपीएफमध्ये दोन उणिवा होत्या. ते पाकिटावरचा पत्ता तपासतं, पत्रातला नाही. म्हणजे पाकिटावर भामट्याने स्वतःचं, नीट नोंदवलेलं डोमेन लिहिलं आणि आत बँकेचं, तर एसपीएफ म्हणणार, ‘पास’. दुसरी उणीव पुढे पाठवलेल्या मेलची. निवृत्त प्राध्यापकांनी विद्यापीठाच्या जुन्या पत्त्यावरचे मेल घरच्या पत्त्यावर वळवलेले असतात. मूळ प्रेषक खरा असतो, पण शेवटचा मेल विद्यापीठाच्या क्रमांकावरून येतो आणि तो क्रमांक मूळ प्रेषकाच्या यादीत नसतो. एसपीएफ म्हणणार, ‘फेल’. खऱ्याला अडवायचं आणि खोट्याला सोडायचं, असं दोन्ही बाजूंनी.

त्यावरचा उपाय सहीचा. याहूत काम करणाऱ्या मार्क डेलनी यांची डोमेनकीज ही पद्धत आणि सिस्कोची तशीच एक पद्धत मिळून २००७ मध्ये डीकेआयएम तयार झालं. पाठवणारा सर्व्हर मजकूर आणि ठरावीक ओळी, त्यात आतला ‘फ्रॉम’ही, यांच्यावरून गणिताने एक सही काढतो आणि पत्राला जोडतो. सहीची गुप्त किल्ली सर्व्हरपाशीच राहते, आणि पडताळणीची जाहीर किल्ली डीएनएसमध्ये असते. मजकुरात एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. मेल कुणीही वळवला तरी मजकूर तोच राहिला तर सही टिकते.

या सहीचं बळ किल्लीच्या लांबीत असतं. झॅकरी हॅरिस नावाच्या गणितज्ञाला डिसेंबर २०११ मध्ये गूगलकडून नोकरीबद्दल विचारणा करणारा मेल आला. त्याला ते अनपेक्षित होतं, म्हणून मेल खोटा तर नाही ना हे पाहायला त्याने मेलची अंतर्गत माहिती उघडली. सहीची किल्ली होती अवघी ५१२ बिटांची. मानकाप्रमाणे ती निदान १०२४ बिटांची हवी. त्याला वाटलं, ही उमेदवारांची परीक्षा असणार. कमकुवत किल्ली कोण ओळखतो ते पाहायला मुद्दाम ठेवलेली. त्याने भाड्याचे संगणक घेतले आणि साधारण तीन दिवसांत, ७५ डॉलरच्या आसपास खर्चून, किल्ली फोडली. मग गूगलचे एक संस्थापक सर्गेई ब्रिन यांच्या नावाने, अस्सल सहीनिशी, दुसरे संस्थापक लॅरी पेज यांना मेल पाठवला. उत्तर आलं नाही. पण दोन दिवसांनी पाहतो तर गूगलची किल्ली २०४८ बिटांची झालेली. नंतर तपासलं तेव्हा आणखी कितीतरी नामांकित कंपन्यांच्या किल्ल्या तेवढ्याच कच्च्या निघाल्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये ही हकीकत जाहीर झाली. एका माणसाने नोकरीच्या मेलवर शंका घेतली आणि त्यामुळे जगाच्या टपालाची एक मोठी फट बुजली.

एसपीएफ आणि डीकेआयएम असूनही एक दुवा सुटाच होता. दोन्ही तपासण्या कुठल्या तरी डोमेनसाठी पास होतात. पण वाचकाला दिसणारं डोमेन तेच आहे का, आणि नसेल तर मेलचं करायचं काय? जानेवारी २०१२ मध्ये पेपाल, गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट आणि इतर काही कंपन्यांनी मिळून डीमार्क पुढे आणलं. दिसणारा ‘फ्रॉम’ या दोहोंपैकी निदान एका पास झालेल्या डोमेनशी जुळला पाहिजे, ही त्याची अट. न जुळल्यास काय करायचं हे डोमेनचा मालकच डीएनएसमध्ये लिहून ठेवतो: ‘नन’ म्हणजे काही करू नका, फक्त मला कळवा, ‘क्वारंटाइन’ म्हणजे स्पॅममध्ये टाका, ‘रिजेक्ट’ म्हणजे दारातूनच परत पाठवा. एप्रिल २०१४ मध्ये याहूने स्वतःच्या पत्त्यांसाठी ‘रिजेक्ट’ लावलं तेव्हा जगभरच्या मेलिंग लिस्टमध्ये गोंधळ उडाला. लिस्टचा सर्व्हर मजकुराच्या तळाशी स्वतःची ओळ जोडतो, त्यामुळे सही मोडते, क्रमांकही जुळत नाही आणि सभासदांचे मेल धडाधड परत. तरीही माझ्या मते याहूचा निर्णय बरोबर होता. कुणीतरी आधी दार लावल्याशिवाय बाकीचे लावणार नव्हते.

बाकीच्यांना त्यासाठी दहा वर्षं लागली. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी एकगठ्ठा मेल पाठवणाऱ्यांवर अटी घातल्या. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवायचे असतील तर तिन्ही नोंदी हव्यात, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली हव्यात. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही तशीच अट घातली. गूगलने जाहीर केल्याप्रमाणे २०२४च्या अटींनंतर जीमेलकडे येणारे बिनपडताळणीचे मेल ६५ टक्क्यांनी घटले. घरबसल्या कुणाच्याही नावाने पत्र लिहिण्याचा चाळीस वर्षांचा परवाना आता बराचसा रद्द झाला आहे.

हे स्वतः पाहायचं असेल तर संगणकावर जीमेलमध्ये कुठलाही मेल उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांवर जा आणि ‘शो ओरिजिनल’ निवडा. वर एक छोटा तक्ता येईल: एसपीएफ पास, सोबत आयपी क्रमांक, डीकेआयएम पास, सोबत डोमेन, डीमार्क पास. त्याखाली ‘रिसीव्ह्ड’ने सुरू होणाऱ्या ओळींची चळत असते. प्रत्येक सर्व्हर मेल घेताना आपली ओळ सगळ्यांत वर लिहितो, म्हणून प्रवास खालून वर वाचायचा. पण विश्वास मात्र वरून खाली कमी करत जायचा. वरची ओळ आपल्या सर्व्हरने लिहिलेली असते. अगदी खालच्या ओळी पाठवणाऱ्याने आधीच बनवून घातलेल्या असू शकतात. प्रेषकाच्या नावाने फसलेली कितीतरी माणसं तक्त्यातल्या डोमेनकडे एकदा पाहून वाचली असती.

आता तक्त्यात सगळीकडे ‘पास’ आहे आणि तरीही मेल खोटा आहे, अशा प्रसंगांकडे येतो. भामट्याने बँकेच्या नावासारखंच दिसणारं डोमेन विकत घेतलं, ‘ओ’च्या जागी शून्य घातलं किंवा मध्ये एक जोडरेघ टाकली, तर तो त्या डोमेनचा कायदेशीर मालक असतो. तो एसपीएफची ओळ लिहितो, सही जोडतो, डीमार्कही लावतो. एसपीएफ आल्यावर ते तत्परतेने वापरणाऱ्यांत स्पॅमवाले होतेच. यंत्र म्हणतं, ‘हे डोमेन स्वतःच्याच नावाने बोलतंय.’ ते बरोबरच आहे. ते डोमेन बँकेचं नाही हे यंत्राला कुणी सांगितलेलं नसतं.

ही फट बुजवण्यासाठी भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये चांगलं पाऊल उचललं. सगळ्या बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटाच्या डोमेनवर यावं असा आदेश निघाला, आणि ही डोमेन देण्याचा अधिकार हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेला दिला. बँक नसलेल्याला ते शेपूट मिळणारच नाही. सयाजीराव महाराजांनी २० जुलै १९०८ रोजी स्थापन केलेल्या बँक ऑफ बडोदापासून गावच्या सहकारी बँकेपर्यंत सगळ्यांना हा नियम लागू आहे. ग्राहकाला एकच शेपूट लक्षात ठेवायचं आहे. स्पेलिंगमधले बारकावे ताडत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

दुसरा प्रसंग चोरीला गेलेल्या खात्याचा. पुरवठादाराचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागला आणि त्याच्याच खात्यातून मेल आला की ‘आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढची रक्कम नव्या खात्यात भरा’. क्रमांक खरा, सही खरी, पत्ता खरा, जुन्या मेलच्या ओळीतच आलेलं उत्तर. मकरपुऱ्याच्या किंवा हरणी रस्त्यावरच्या कुठल्याही छोट्या कारखान्याच्या लेखापालाला हा मेल संशयास्पद वाटण्याचं कारण नाही. इथे सर्व्हरची तपासणी पूर्णपणे निरुपयोगी आहे. आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर फोन करून विचारणं, हाच इलाज.

तिसरा प्रसंग विमानतळाच्या मेलचा. फुकट खातं कुणालाही काही मिनिटांत, हव्या त्या नावाने उघडता येतं. जीमेलच्या वेबपानावरून पाठवलेल्या मेलमध्ये लिहिणाऱ्याच्या संगणकाचा क्रमांक पुढे जात नाही. घेणाऱ्याला दिसतो तो गूगलचाच. म्हणून पोलिसांना कंपनीकडे माहिती मागावी लागते: खातं कधी उघडलं, कुठून उघडलं, कोणत्या क्रमांकावरून वापरलं. व्हीपीएन वापरला असेल तर तो धागाही दुसऱ्याच देशात जाऊन तुटतो. जून २०२५ मध्ये अहमदाबादच्या सायबर गुन्हे शाखेने चेन्नईच्या एका महिला इंजिनिअरला अटक केली. एका ओळखीच्या पुरुषाला अडकवण्यासाठी तिने त्याच्या नावाने पत्ते उघडले आणि अनेक राज्यांत, अहमदाबादच्या स्टेडियमला आणि शाळांनाही, बॉम्बच्या धमक्या पाठवल्या, असा पोलिसांचा आरोप आहे. व्हीपीएन होता, ओळख लपवणारी साधनं होती. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे, खरं खातं आणि बनावट खातं एकाच संगणकावर वापरल्याने ती सापडली. इथे मेल सगळ्या तांत्रिक तपासणीत उत्तीर्ण झाला असता आणि तरीही प्रेषकाच्या जागी दिसणारा माणूस निर्दोषच असता. पत्त्यातलं नाव पाहून कुणाला दोषी ठरवणं किती धोक्याचं आहे, हे या प्रकरणाइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

मग या धमक्यांना स्पॅममध्ये टाकायला यंत्राला का शिकवू नये? मजकुरातले शब्द पाहून तसं करता येईल. पण विमानतळाच्या किंवा शाळेच्या कार्यालयाने ते करू नये असंच माझं मत आहे. शंभरातला एक मेल खरा निघाला आणि तो स्पॅमच्या ढिगात पडून राहिला तर त्याची किंमत कोण मोजणार? हा निर्णय माणसांनी, समिती बसवून, त्या दिवशीची परिस्थिती पाहूनच घ्यायचा असतो.

सर्व्हरची पडताळणी जे करते ते मात्र आपण सगळ्यांनी पूर्ण करायला हवं. मोठ्या बँकांनी आणि कंपन्यांनी ते केलं आहे. मागे राहिलो आहोत ते आपण. मराठी मंडळ, वाचनालय, शाळा, पतसंस्था, दवाखाना, छोटा उद्योग, ज्यांच्याकडे स्वतःच्या नावाचं डोमेन आहे त्या प्रत्येकाचं नाव आज कुणी वापरू शकेल, जर डीएनएसमध्ये नोंद नसेल. वेबसाइट करून देणाऱ्याला या आठवड्यात फोन करा आणि चार गोष्टी विचारा: एसपीएफची ओळ आहे का, तिच्या शेवटी वजा आहे की नागमोडी, डीकेआयएमची किल्ली २०४८ बिटांची आहे का, डीमार्क ‘नन’वरच अडकलंय का. डीमार्क आधी ‘नन’वर ठेवून येणारे अहवाल महिनाभर पाहा. तुमच्या नावाने कोण कोण मेल पाठवतं ते त्यात क्रमांकासह येतं: तुमची मेलसेवा, बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर, वेबसाइटचा सर्व्हर, आणि बहुतेक वेळा एखादा असा क्रमांक ज्याच्याशी तुमचा काही संबंध नाही. आपले सगळे क्रमांक नोंदवून झाले की ‘क्वारंटाइन’ आणि मग ‘रिजेक्ट’ करा. डोमेन घेतलं आहे पण त्यावरून मेल पाठवतच नाही, असं असेल तर एसपीएफमध्ये नुसतं ‘-ऑल’ आणि डीमार्कमध्ये ‘रिजेक्ट’ लिहून टाका. त्याला पैसे पडत नाहीत.

आणि मेलवरून बँक खातं बदलल्याचं कळलं तर रक्कम पाठवण्याआधी फोन करा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको, आपल्या जुन्या डायरीतल्या नंबरवर. पैसे गेलेच तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.